ऑनलाइन तासांना एनव्हीडीए: काही महिने वापरल्यावर

एम.ए.चे ऑनलाइन तास पावसाळ्यात सुरू झाले, तेव्हापासून लॅपटॉपवर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्रॅम, वापरतेय. मला दिसत नाही, त्यामुळे स्क्रीन रीडरशिवाय लॅपटॉप उघडून उपयोग नाही. हा फुकट मिळतो. मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये ऑस्ट्रेलियात त्याचं काम सुरू केलं.

सोबत येणारा ईस्पीकचा आवाज मराठी बोलतो, पण अगदी यंत्रासारखा. सुरुवातीला डोकं उठतं. कान सरावले की वेग इतका वाढवता येतो की शेजारी बसलेल्याला काही कळत नाही.

झूमवर ऑल्ट आणि ए दाबून माइक, ऑल्ट आणि वाय दाबून हात वर. माउस लागत नाही. कटकट चॅटची. सर शिकवत असतात आणि कानात एकामागून एक 'गुड मॉर्निंग सर'! तेवढ्यापुरतं एनव्हीडीए की (म्हणजे इन्सर्ट) आणि एस दाबून बोलणं बंद करते. (परत चालू करायला विसरलात तर लॅपटॉपच बिघडला असं वाटतं.)

जिथे अडतं तिथे एनव्हीडीएचा दोष नाही. स्क्रीन शेअर केलेली पीपीटी त्याच्या लेखी निव्वळ चित्र असते. 'हे बघा, इथून इथपर्यंत वाढ झालीय.' कुठून कुठपर्यंत? एक मॅडम आता आकडे बोलून दाखवतात आणि फाइल आदल्या दिवशी पाठवतात. तेवढ्यानेच तो तास मला पूर्ण मिळतो.

नोट्सची तर वेगळीच तऱ्हा. कृतिदेव या जुन्या फॉन्टमधल्या फाइलीत 'मराठी' या शब्दावर गेलं की एकेक अक्षर ऐकू येतं: ई, जे, के, बी, एच. डोळ्यांना मराठी दिसतं, पण आत इंग्रजी अक्षरं असतात. कन्व्हर्टरने युनिकोड, म्हणजे आतही खरी मराठी अक्षरं, करून घेते. मोबाइलने फोटो काढून केलेली पीडीएफ गूगल ड्राइव्हवर टाकून डॉक्समध्ये उघडली, तर छापील मजकूर बऱ्यापैकी हाती लागतो. हस्ताक्षर असेल तर मैत्रिणीला फोन. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा आहे, तरी आमच्या ग्रुपवर नोट्सचे अजून फोटोच येतात.

एनव्हीडीए जरूर घ्या. परीक्षेचं मात्र मला अजून कळत नाहीये. सराव चाचणीत पर्यायांच्या बटणांना नावंच दिलेली नव्हती; चारही ठिकाणी तो नुसतं 'बटण' म्हणाला. कॉलेजला कळवलंय. दुरुस्ती झाली तर स्वतः देईन, नाहीतर लेखनिक शोधावा लागेल.