ज्येष्ठांच्या गृहसंकुलासाठी व्हॉट्सॲप बिझनेस की सीआरएम?

कोल्हापुरातल्या ज्येष्ठांच्या गृहसंकुलात येणारा पहिला फोन बहुधा तिथे राहायला येणाऱ्याचा नसतोच. तो पुण्याहून किंवा परदेशातून मुलाचा अथवा सुनेचा असतो, आणि आई-वडील राजारामपुरीतले राहते घर सोडायला तयार होतील की नाही, हे त्यांनाही तेव्हा नक्की ठाऊक नसते. चौकशी एकाची आणि निर्णय साऱ्या घराचा, हे आधी ध्यानात घेऊन व्हॉट्सॲप बिझनेस आणि सीआरएम (ग्राहकांच्या नोंदी एकत्र ठेवणारी संगणक-प्रणाली) यांतले साधन निवडावे.

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप विनाशुल्क आहे, आणि ते वापरायला कुणाला शिकवावे लागत नाही. संभाषणांना लेबले लावता येतात, ठरावीक उत्तरे साठवता येतात. ब्रॉडकास्ट, म्हणजे यादीतल्या अनेकांना एकदम पाठवलेला संदेश, मात्र तुमचा क्रमांक ज्यांनी जतन केला आहे त्यांनाच पोहोचतो. त्याहून मोठी अडचण अशी, की मुलाचे बोलणे एका चॅटमध्ये राहते, मुलीचे दुसऱ्या, आणि आईने प्रत्यक्ष भेटीत विचारलेले कुठेच उरत नाही.

सीआरएममध्ये एका कुटुंबाची एकत्र नोंद ठेवता येते. मुलाने ‘रात्री डॉक्टर उपलब्ध असतो का’ असे विचारले असेल आणि आईने ‘रविवारी पांढरा रस्सा मिळेल का, अंबाबाईच्या दर्शनाला गाडी सोडता का’ असे विचारले असेल, तर दोघांना एकच माहितीपत्रक पाठवण्यात अर्थ नाही. (तोच मजकूर वर नाव बदलून पाठवणे म्हणजे वैयक्तिक संपर्क, असा समज मात्र फार पसरला आहे.) भेट संपताच कुणी हे टिपून ठेवले नाही, तर बहुधा दरमहा वापरकर्त्यागणिक शुल्क घेणारी ही प्रणाली रिकामीच राहते.

म्हणून चौकशा एकच व्यक्ती हाताळत असेल, तर ॲप आणि कुटुंबनिहाय एक एक्सेल पुरे. दुसरी व्यक्ती रुजू होताच सीआरएम घ्यावे. तोवर घाई नको.

आईच्या आजाराची माहिती मुलाने सांगितली, म्हणून ती प्रचारासाठी वापरण्याची मुभा मिळत नाही. 2023 चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमतीला महत्त्व देतो आणि ती मागे घेणेही देण्याइतकेच सोपे असावे, असे सांगतो. सीआरएम विकणाऱ्याला खरेदीपूर्वीच दोन गोष्टी करून दाखवायला सांगाव्यात: एका कुटुंबाची नोंद पूर्णपणे पुसणे, आणि सगळ्या नोंदी एक्सेलमध्ये बाहेर काढणे.