नागपुरात कोणी ‘परवान्याचे’ समुद्रघोडे विकत असेल तर एक रुपयाही देऊ नका

माझे 96,800 रुपये गेले आणि दोन मुके जीव माझ्या डोळ्यांसमोर मेले. विकणारा आजही मोकळा फिरतोय, त्याची जाहिरात आजही चालू आहे. नातेवाइकांत हे सांगायचीही मला लाज वाटते. तरी लिहिते आहे, कारण गप्प बसलेल्या लोकांवरच असल्या माणसांचं पोट चालतं.

आधी एक स्पष्ट करते. मी नवशिकी नाही. लग्नाआधीपासून माझ्याकडे गोड्या पाण्याची टाकी आहे. एंजल पाळले, डिस्कसही पाळले. नागपूरच्या उन्हाळ्यात, बाहेर 45 अंश असताना, ते जगवले. त्यामुळे ‘काही माहिती नसताना कशाला पडली यात’ असं म्हणणाऱ्यांनी पुढचं नीट वाचावं.

इन्स्टाग्रामवर व्हिडिओ दिसला. समुद्रघोड्यांची जोडी, शेपट्या एकमेकांत अडकवलेल्या, खाली लिहिलेलं: ‘कॅप्टिव्ह ब्रीड, कागदपत्रांसह, नागपूर डिलिव्हरी’. मी पहिला प्रश्न विचारला तो कायद्याचाच. समुद्रघोडे वन्यजीव संरक्षण कायद्यात येतात एवढं मला ऐकून माहीत होतं. त्याने लगेच फोन केला. “ताई, तुम्ही काहून टेन्शन घेता? हे समुद्रातले नाहीत, फार्मवरचे आहेत. लायसन आपल्यापाशी आहे, सर्टिफिकेट तुमच्या नावाने करून देतो.” त्या सर्टिफिकेटचे त्याने 3,500 रुपये वेगळे घेतले. फुकट देतो म्हणाला असता तर मला संशय आला असता. फी घेतली म्हणून खरं वाटलं. कोणालाही वाटलं असतं.

आता कायदा काय आहे तो ऐका, कारण हे मला पैसे गेल्यावर कळलं. समुद्रघोडे आणि त्यांच्या कुळातले सगळे मासे 2001 साली 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे शेड्यूलमध्ये, घातले गेले. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या सायटिस या कराराचं नियंत्रण 2004 पासून लागू झालं. गल्लीतला दुकानदार लॅमिनेट करून हातात देईल असा कोणताही कागद तुम्हाला वाचवत नाही. माझ्या कागदावर गोल शिक्का होता, सही होती, पण प्राण्याचं शास्त्रीय नाव नव्हतं आणि नोंदणी क्रमांकही नव्हता.

पैशाचा हिशोब पूर्ण देते, म्हणजे कोणाला असाच हिशोब दिला जात असेल तर ओळखता येईल. दोन फूट उंच टाकी 14,500. चिलर, म्हणजे पाणी थंड ठेवणारं यंत्र, 26,500. स्किमर (पाण्यातली घाण फेसावाटे काढणारं यंत्र), लाइव्ह रॉक (जिवाणू वसलेले समुद्री दगड), मीठ, पंप मिळून 18,200. जोडी 16,000. सर्टिफिकेट 3,500. ‘क्वारंटाइन’ 2,800. फ्रोझन मायसिसची (कोळंबीसारखे बारीक जीव, समुद्रघोड्यांचं खाणं) सहा पाकिटं, 650 रुपयांनी, 3,900. औषध 2,400. आणि शेवटी ‘बदली जोडी’चा अॅडव्हान्स 9,000. बिल एकाचंही नाही. क्यूआर कोड स्कॅन केला की दर वेळी वेगळं नाव यायचं. विचारलं तर “माझ्या साळ्याचं खातं आहे ताई, जीएसटीचं काम चालू आहे” म्हणायचा. पैसे घेणाऱ्याचं नाव आणि विकणाऱ्याचं नाव जुळत नसेल तर तिथेच थांबा. हे मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

चिलरची गोष्ट वेगळी सांगावी लागेल. समुद्रघोड्यांना पाणी साधारण 22 ते 25 अंशांत लागतं. त्यापेक्षा गरम पाण्यात जिवाणू भराभर वाढतात आणि हा जीव त्यांच्यापुढे टिकत नाही. नागपुरात चिलरशिवाय हे अशक्य आहे, आणि हे तोच मला शंभरदा सांगायचा. खरी माहिती सांगून विश्वास कमवायचा, ही त्याची पद्धत. मग त्याने दिलेला चिलर जुना, बाहेरून रंग मारलेला निघाला. एप्रिलमध्येच कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला आणि टाकी 29 वर गेली. मी बाटल्यांत बर्फ करून पाण्यात सोडत रात्री काढल्या.

पण या सगळ्याच्या आधी एक क्षण होता. तो आठवला की अजून डोकं तापतं.

जोडी घ्यायला मी त्याच्याकडे गेले तेव्हा म्हणाले, भाऊ, माझ्यासमोर खायला घाला. हा प्रश्न मी वाचून, समजून विचारला होता. समुद्रघोड्याला दात नसतात आणि जठरही नसतं. खाल्लेलं आतड्यातून भराभर पुढे निघून जातं, म्हणून त्याला दिवसातून दोन-तीनदा खावंच लागतं. आणि तो इतर माशांसारखा खाण्यामागे पळत नाही. शेपटीने काहीतरी धरून बसतो, एक डोळा इकडे, एक तिकडे फिरवत भक्ष्य जवळ यायची वाट बघतो, मग नळीसारख्या तोंडाने झटक्यात ओढतो. माणसाने वाढवलेला समुद्रघोडा मेलेलं, गोठवलेलं मायसिस खायला शिकलेला असतो. समुद्रातून पकडलेला हलणारं, जिवंतच मागतो. म्हणजे खायला घालून बघणं हीच खरी परीक्षा.

त्याने वितळवलेलं मायसिस टाकलं. दोघांपैकी एकानेही मान वळवली नाही. तुकडे त्यांच्या तोंडासमोरून खाली गेले. मी ते पाहिलं. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने बाजूच्या बादलीतून मगभर पाणी ओतलं, म्हणाला “थोडं जास्त टाकू”, आणि दोघेही टिक टिक आवाज करत खायला लागले. त्या मगात जिवंत आर्टिमिया, म्हणजे खाऱ्या पाण्यातले बारीक कोळंबीसारखे जीव, होते. खोलीत अंधार होता, टाकीवर निळा दिवा होता, तो सतत बोलत होता, माझी मुलगी शेजारी उभी राहून टाळ्या वाजवत होती. अशा वेळी मगातलं पाणी कोण तपासतं? तेवढ्या एका मगावर पुढचं सगळं उभं राहिलं.

म्हणून सांगते, कुठलाही मासा घेताना तुम्ही स्वतः नेलेलं खाणं स्वतःच्या हाताने टाका, विकणाऱ्याचा हात मध्ये येऊ देऊ नका.

जोडीचा भाव 12,000 होता. वरचे 4,000 का? तर “नर गाभण आहे ताई, पोट बघा.” नर पिल्लं पिशवीत सांभाळतो हे खरंच आहे, ते शाळकरी मुलांनाही माहीत असतं. पण घरी आणल्यावर तो नर शेपूट वर करून पाण्यावर तरंगायला लागला, खाली जायला धडपडायचा. पिशवीत पिल्लं नव्हती, हवा भरली होती. गॅस बबल नावाचा हा आजार समुद्रघोड्यांत सर्रास होतो. आजारी जनावराचे त्याने माझ्याकडून 4,000 जास्त घेतले. याला चोरी नाही तर काय म्हणायचं?

दोघांनीही घरी फ्रोझन खाल्लं नाही. मग मी ती पाकिटं नीट बघितली. मायसिस अख्खं असतं, काळे डोळे स्पष्ट दिसतात. यात नुसता गाळ होता, गुलाबी, फुटलेला. वितळल्यावर वास आला आणि मी ओळखलं, हा जवळा. बाजारातला जवळा वाटून, गोठवून, वर स्टिकर लावून 650 रुपयांना. न खाल्लेलं ते सगळं तळाशी सडलं आणि अमोनिया चढला. टाकीही त्याने ‘बॅक्टेरियाची बाटली’ टाकून आठवड्यात तयार केली होती, जिथे अमोनिया पचवणारे जिवाणू वाढायला महिनाभर तरी लागतो. मी आर्टिमियाची अंडी आणून घरी उबवली. पण आर्टिमियाची पिल्लं पहिल्या काही तासांतच पोषक असतात, नंतर त्यांचा साठा संपतो, वेगळं पोषण देऊन मगच ती घालावी लागतात. मी तेही केलं. पहाटे उठून केलं. नर आधी गेला, पाठोपाठ मादी.

फोन केला तर म्हणाला, “तुमची केअर कमी पडली, पण तुम्ही आपल्या आहात, कमी पैशात बदली जोडी देतो.” 9,000 घेतले आणि उचलणं बंद केलं. मी तक्रार करीन असा मेसेज टाकल्यावर मात्र लगेच उत्तर आलं. “करा ना ताई. शेड्यूलचा प्राणी घरी ठेवला कोणी? तुम्हीच आत जाल.”

बघा, किती पक्कं बांधलेलं आहे हे. विकताना परवान्याची हमी, आणि फसलात की त्याच कायद्याची धमकी. म्हणूनच कोणी बोलत नाही.

तरी मी गेले. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न: “घोडा? कोणता घोडा?” मग हसणं. मग “ऑनलाइन पैसे दिले ना, सायबरला जा.” सायबरवाले म्हणाले, विकणाऱ्याला तुम्ही भेटला होतात, माल घेतला होता, हा व्यवहाराचा वाद आहे, ठाण्यात जा. वन खात्याच्या कार्यालयात एकाने सांगितलं, समुद्रातला प्राणी आमच्याकडे कशाला, मत्स्य विभागाकडे जा. मत्स्य विभागात सांगितलं, आमच्याकडे तलाव आणि जलाशय, हे वन खात्याचं. पुन्हा वन खात्यात गेले तेव्हा दुसऱ्या साहेबांनी खुर्चीवरून न उठता ऐकवलं, “मॅडम, लिहून द्याल तर आधी तुमच्यावरच केस होईल.” ज्या शहराला देशभर वाघांची राजधानी म्हणतात, तिथे वन्यजीवाची उघड विक्री चालते हे सांगायला आलेल्या बाईला असं हाकलतात! मी त्यांना फोन नंबर देत होते, व्हिडिओ देत होते, पत्ता देत होते. कोणी वहीत एक ओळ लिहिली नाही. अर्जावर पोच मागितली तर “साहेब नाहीत” म्हणाले. माझ्या 96,800 चं सोडा, त्या खोलीत अजून तीन टाक्या भरलेल्या मी डोळ्यांनी पाहिल्या आहेत. त्या जिवांचं काय? वाघ असता तर पंचनाम्याला गाड्या धावल्या असत्या.

शेवटी एका ओळखीच्या वकीलताईंनी मार्ग दाखवला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचं कलम 318 आहे. ठाण्यात घेत नसतील तर पोलीस अधीक्षक किंवा आयुक्तांना रजिस्टर पोस्टाने लेखी तक्रार पाठवा, पोस्टाची पावती हीच तुमची पोच. ऑनलाइन पैसे गेले असतील तर 1930 वर त्याच तासात फोन करा. मी मुद्दाम उशीर केला नाही, मी शेवटपर्यंत जोडी येईल म्हणून थांबले होते, आणि तोवर पैसे खात्यातून निघून गेले होते. ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही आणि दोन वर्षांची मुदत आहे. चिलर आणि टाकीच्या पैशांसाठी मी तिथे जाते आहे, कारण जुना माल नवा म्हणून विकणं एवढं तरी चॅटमध्ये त्याच्या शब्दांत आहे. वन खात्यालाही सगळं लेखी पाठवलं आहे, माझ्या नावानिशी. केस करायची तर करा. मी कागद विचारला होता, फी भरली होती, लपवलं काहीच नाही.

यूपीआयचे स्क्रीनशॉट पुसू नका, चॅट डिलीट करू नका. त्याने ‘जुने मेसेज साफ करा’ असं सांगितलं तर समजा की घाबरला आहे. खाऱ्या पाण्याची हौस असेल तर क्लाउनफिशपासून सुरुवात करा, तेही बंदिवासात वाढवलेले, बिलासह, ओळखीच्या दुकानातून. समुद्रघोडे बघायचे तर एखाद्या सरकारी मत्स्यालयात बघा.

आणि नागपुरातल्या ज्या कोणाला ‘गाभण नर’, ‘साळ्याचं खातं’ आणि ‘तुम्हीच आत जाल’ ही तीन वाक्यं ओळखीची वाटत असतील, त्यांनी भिऊ नका. माझ्या तक्रारीसोबत तुमची तक्रार जोडा. एकटीला हसून घालवता येतं, दहा जणांना येणार नाही.