एमबीबीएसनंतर वर्दी की पीएचसी (प्राथमिक आरोग्य केंद्र)? बेळगाव भागातल्या नव्या डॉक्टरांसाठी

बेळगावात वर्दीची ओढ लहानपणापासूनच लागते. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र इथलंच, आणि खानापूर-निपाणीकडच्या कितीतरी घरांत कुणी ना कुणी फौजेत आहे. त्यामुळे बिम्स किंवा जेएनएमसी या इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांतून बाहेर पडलेला एखादा मुलगा किंवा मुलगी ‘सार्वजनिक आरोग्यात काम करायचंय, पण वर्दीत’ असं म्हणते, तेव्हा मला ते मनापासून पटतं. अडचण पुढे येते. मोबाइलवर शोधलं की आधी अमेरिकेची माहिती मिळते. तिथं 1889 पासून सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र गणवेशधारी दल आहे, पण ते अमेरिकी नागरिकांसाठी. आपल्याकडे असं वेगळं दल नाही. वर्दी एका खात्यात आणि गावोगावच्या आरोग्याचा भार दुसऱ्या खात्यात, म्हणून निवड करणं भाग आहे.

आधी कामातला फरक बघा. पीएसएमच्या, म्हणजे सामुदायिक वैद्यकाच्या प्रात्यक्षिकातली हॉरॉक्स पेटी आठवत असेल; पाणी शुद्ध करायला किती ब्लीचिंग पावडर लागेल ते तिनं कळतं. काळ्या कपात ब्लीचिंग पावडरचं द्रावण, सहा पांढऱ्या कपांत तपासायचं पाणी, अर्ध्या तासानं स्टार्च-आयोडाइडचे थेंब. ज्या पहिल्या कपात ठळक निळा रंग उठतो, त्याच्या क्रमांकाइतके पेटीतले चमचे पावडर 455 लिटर पाण्याला लागते. हे गणित छावणीत आणि गावात एकच. छावणीत मात्र डॉक्टरनं आकडा सांगितला की हुकूम सुटतो आणि टाकीत पावडर पडते. गावात पावडर पडली की ‘पाण्याला वास मारतोय’ म्हणून बायका घागरी घेऊन न शुद्ध केलेल्या विहिरीवर जातात. मग डॉक्टरला पंचायतीच्या सदस्याला, वॉटरमनला, आशाताईला घेऊन त्या विहिरीपाशी उभं राहावं लागतं, आणि तेही एकदा जाऊन भागत नाही. माझ्या मते सार्वजनिक आरोग्याचं खरं काम इथं सुरू होतं.

लष्कराच्या बाजूनं सांगण्यासारखं पुष्कळ आहे. आर्मी मेडिकल कोअर या लष्कराच्या वैद्यकीय शाखेत शॉर्ट सर्व्हिस कमिशनला, म्हणजे ठरावीक मुदतीच्या अधिकारपदाला, एमबीबीएसवाल्यांसाठी वयोमर्यादा 30. नीट-पीजी या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या गुणांवरून मुलाखतीला बोलावतात, सुरुवातीचं प्रशिक्षण लखनौला होतं. हुद्दा थेट कॅप्टनचा, मूळ वेतन महिना 61,300 रुपयांपासून, शिवाय 15,500 सैनिकी सेवा वेतन आणि खासगी प्रॅक्टिस न करण्याचा भत्ता. मुदत पहिली 5 वर्षं, पुढे वाढवत जास्तीत जास्त 14. मात्र शॉर्ट सर्व्हिसला निवृत्तिवेतन नाही, ग्रॅच्युइटी मिळते. कायम कमिशनची संधी असते, पण ती निवडीतून. घरच्यांना ‘जन्माची नोकरी’ म्हणून सांगू नका. आणि सार्वजनिक आरोग्यच करायचं असेल तर एक गोष्ट आधीच समजून घ्या: युनिटचा डॉक्टर स्वच्छता, लसीकरण, पाणी बघतोच, पण त्या विषयाची खास जागा म्हणजे स्टेशन हेल्थ ऑर्गनायझेशन, छावणीच्या आरोग्याचं काम बघणारा विभाग, आणि तिथं सामुदायिक वैद्यकातल्या तज्ज्ञाचं काम असतं. एमडी ही पदव्युत्तर पदवी घेतल्याशिवाय त्या वाटेवर फार पुढे जाता येत नाही. तोवर तुमचे बहुतेक रुग्ण तरुण, धडधाकट, भरतीच्या वेळी तपासून घेतलेले जवान असतील.

सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ, आयटीबीपी यांसारख्या दलांतही वर्दी आहे. मेडिकल ऑफिसर असिस्टंट कमांडंटच्या हुद्द्यावर लागतो, मूळ वेतन 56,100 पासून, वयोमर्यादा इथंही 30. नोकरी दीर्घ, पण बदल्या देशभर. ज्यांना वर्दीही हवी आणि पाच वर्षांनी पुन्हा शोधाशोधही नको, त्यांनी याचा विचार जरूर करावा. आईवडील थकलेले असतील तर मात्र मी हा सल्ला देणार नाही.

राहिली कर्नाटकाची आरोग्य सेवा. इथं खांद्यावर तारे नाहीत, जबाबदारी मात्र सगळी अंगावर. प्राथमिक आरोग्य केंद्राचा डॉक्टर बाळंतपणं, लसीकरण, क्षय, सर्पदंश आणि साथी असं सगळं बघतो. पुढे तालुका आरोग्य अधिकारी, मग जिल्हा आरोग्य अधिकारी अशी वाट आहे. आपल्या जिल्ह्यात तर विषयांची कमतरताच नाही. चिकोडी-अथणीकडे कृष्णेचा पूर, आणि 2019 साली काय झालं ते त्या गावांनी भोगलंय. खानापूरच्या जंगलपट्ट्याला लागून दोडामार्ग आणि गोव्यातला सत्तरी, दोन्हीकडे माकडतापाचे रुग्ण सापडलेले. रानात माकड मेलेलं दिसल्यावर ते आरोग्य केंद्राला कळवायचं, हे लोकांच्या अंगवळणी पाडणारा डॉक्टर तिथं हवा. हा ताप गोचिडीमुळे पसरतो, आणि गोचीड तालुक्याची किंवा राज्याची हद्द बघत नाही.

भाषेचा प्रश्न टाळून चालणार नाही. खानापूर भागातली आजी मराठी बोलणाऱ्या डॉक्टरला दुखणं मोकळेपणानं सांगते, सुनेचं दुखणं तर आणखीच. पण रजिस्टर, अहवाल, तालुक्याच्या बैठका बहुतेक कन्नडमध्ये. निवडीतही कन्नडच्या परीक्षेची अट असते. आपली पुष्कळ मुलं कन्नड बोलतात, पण सरकारी पत्र लिहायची वेळ आली की अडतात, आणि तेवढ्यासाठी अर्जच भरत नाहीत. याचं मला फार वाईट वाटतं, कारण त्यामुळे ती जागा जाते आणि त्या आजीला दुभाषा लागतो.

माझा कल स्पष्ट सांगतो. वय चोविशी-पंचविशीतलं, घरची जबाबदारी नाही आणि वर्दीची ओढ खरी असेल, तर पाच वर्षं लष्करात जा. शिस्त आणि हाताखालच्या माणसांकडून काम करून घेणं तिथं शिकाल. मन सार्वजनिक आरोग्यातच असेल तर थेट पीएचसी धरा, आणि सेवेत असताना पीएसएममध्ये एमडी करायचा मार्ग शोधा. दोन्हीकडे अर्ज करायला काहीच हरकत नाही. इंटर्नशिपच्या वर्षात नीट-पीजीच्या अभ्यासासोबत रोज अर्धा तास कन्नड लिहायचा सराव ठेवा. शेजारच्या कन्नड शाळेतल्या शिक्षकांना विचारलंत तर ते आनंदानं वही तपासून देतील.