वळवाची वीज की छतावरचं सोलर?

निफाडच्या एका द्राक्षबागायतदार मित्राने वळवाचा पाऊस झाल्यावर विचारलं, "एवढी वीज आभाळातून फुकट पडते, ती साठवता आली तर सोलरचा खर्च कशाला?" आभाळातलीही वीज आणि बिलातलीही वीजच, प्रश्न पडणारच.

एका लखलखाटात साधारण १ अब्ज ज्यूल ऊर्जा धरतात. मीटरच्या भाषेत २७८ युनिट. दहा रुपये युनिटने २,७८० रुपये, बस्स! त्यातलीही बहुतेक वाटेतली हवा तापवण्यात आणि गडगडाटात संपते. शिवाय बहुतांश विजा ढगातल्या ढगातच चमकतात, जमिनीवर येतच नाहीत.

आता सढळ हाताने हिशोब करू. एक चौरस किलोमीटर, म्हणजे २४७ एकर शिवार. तिथे वर्षात पाच विजा पडल्या आणि थेंबही न सांडता पकडल्या, तरी १,३९० युनिट. तेवढी वीज १ किलोवॉट सोलर वर्षभरात देतं, आणि त्याला सुमारे शंभर चौरस फूट छत पुरतं.

पकडायचं तरी कसं? तीस हजार अँपिअरचा झटका, तोही डोळ्याचं पातं लवायच्या आत. बॅटरी इतक्या वेगाने चार्ज होत नाही. झटक्यात वीज साठवून घेणारे प्रचंड कपॅसिटर बसवले, तरी वर्षभर वाट बघत बसायचं. अमेरिकेत एका कंपनीने २००७ च्या सुमारास हा प्रयोग केला होता, जमला नाही.

सोलरचीही खोड सांगतो, कारण विक्रेते ती हळूच सांगतात. साधं ऑन-ग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाइनला जोडलेलं, सोलर लाइट गेली की बंद पडतं, भर उन्हातसुद्धा. वळवात तारा तुटल्या की तुम्हीही अंधारात. ते नको असेल तर हायब्रिड, म्हणजे लाइन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारा, इन्व्हर्टर आणि बॅटरी घ्या. खर्च बराच वाढतो. जुलै-ऑगस्टच्या झडीत उत्पादनही पडतं. घरासाठी ३ किलोवॉटला पीएम सूर्यघर योजनेत ७८,००० रुपये अनुदान आहे. शेतपंपाची योजना वेगळी, दोन्हींची गल्लत करू नका.

मित्राला मी ३ किलोवॉट सांगितलं. आभाळातल्या विजेसाठी खर्च करायचाच असेल, तर तिला दूर ठेवायला करा: पडणारी वीज जमिनीत उतरवणारा लायटनिंग अरेस्टर, इन्व्हर्टरला सर्ज प्रोटेक्शन (तारेतून येणाऱ्या झटक्यापासून बचाव) आणि अर्थिंगचे वेगळे खड्डे. काम संपल्यावर अर्थिंगचं रीडिंग तुमच्यासमोर घ्यायला लावा, मगच शेवटचा हप्ता द्या.