ऊन लागलेल्या माणसासाठी घरी आणलेल्या वस्तू : कामाच्या कोणत्या, शोभेच्या कोणत्या

सोलापुरात मार्चअखेरीपासूनच औषधांच्या दुकानांतील दर्शनी फळीवर उन्हाळी मालाची गर्दी होते. ओआरएसच्या, म्हणजे शरीरातील पाणी व क्षार भरून काढणाऱ्या द्रावणाच्या पुड्या, फळांच्या चवीची पाकिटे, हिरवे जेल, गुलाबी लोशन आणि थंडावा देणाऱ्या पावडरी असा सगळा बाजार तेथे मांडलेला असतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२-४३ अंशांपर्यंत चढणे ही येथे बातमी राहिलेली नाही, त्यामुळे हा माल भरपूर खपतोही. एप्रिल २०२५ मध्ये आमच्या धाकट्या भाऊजींना बांधकामावर देखरेख करताना ऊन लागले. मान आणि दंड भाजून लाल झाले, मळमळ सुरू झाली, पायांत गोळे आले. डॉक्टरांनी तपासून हा उष्माघात नव्हे, उष्म्याचा थकवा आहे आणि घरी नीट काळजी घेतली तर पुरेल, असे सांगितल्यावर वरीलपैकी बहुतेक वस्तू आमच्या घरात आल्या. त्यांतील कोणती पैसे वसूल करून गेली आणि कोणती नुसती टेबलावर बसून राहिली, एवढेच येथे लिहीत आहे.

हे परीक्षण घरी बऱ्या होऊ शकणाऱ्या आजारापुरतेच आहे. शरीराच्या आतील तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर गेलेला, असंबद्ध बोलणारा, झटके येणारा किंवा शुद्ध हरपलेला माणूस कोणत्याही पुडीने किंवा लोशनने बरा होत नाही. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करावा, गाडी येईपर्यंत त्याला सावलीत ठेवून अंगावर पाणी घालत वारा घालावा आणि शुद्ध नसेल तर तोंडात पाण्याचा थेंबही घालू नये. घाम येतो आहे म्हणजे उष्माघात नाही, हा समजही चुकीचा आहे. उन्हात अंगमेहनत करताना उष्माघात झालेल्या माणसाला घाम सुटलेला असू शकतो.

आता खरेदीकडे वळते. पहिल्या संध्याकाळी आमच्या भागातील एका दुकानात मी ‘ओआरएस द्या’ म्हटले, तेव्हा दुकानदाराने सफरचंदाच्या चवीचे तयार पाकीट हातात ठेवले. पाकिटावर ती तीन अक्षरे ठळक होती, घटकांच्या यादीत मात्र साखरेचेच राज्य होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रानुसार एका लिटर पाण्यात मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम, म्हणजे एकूण २०.५ ग्रॅम क्षार व साखर असते. या मापांमागे कारण आहे. लहान आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकमेकांच्या सोबतीने आत शोषले जातात आणि त्यांच्यामागोमाग पाणी जाते. साखर बेसुमार झाली की उलट पाणीच आतड्यात ओढले जाते आणि आधीच कोरड्या पडलेल्या माणसाला जुलाबाची भर पडते. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरण्यास मनाई केली, ती याच गोंधळामुळे. तरीही पाकीट उलटून बारीक अक्षरे वाचण्याची सवय सोडू नये.

खरी पुडी वीस-पंचवीस रुपयांत मिळाली आणि साऱ्या खरेदीत तिच्याइतका गुण दुसऱ्या कशानेही आला नाही. मोठी पुडी १ लिटर पाण्यासाठी आणि लहान पुडी २०० मिलिलिटरसाठी असते. हा फरक न पाहता मोठी पुडी पेल्यात ओतणारे लोक मी पाहिले आहेत, आणि तसे द्रावण फायद्याऐवजी अपाय करते. चव मचूळ, किंचित खारट. भाऊजींनी पहिल्या घोटाला तोंड वाकडे केले. एका दमात पेलाभर दिले की उलटून पडत होते. दर काही मिनिटांनी दोन-तीन चमचे दिल्यावर पोटात टिकू लागले आणि रात्री लघवीचा गडद रंग फिका झाला. केलेले द्रावण २४ तासांनंतर टाकून द्यावे. हृदयाचे किंवा मूत्रपिंडाचे दुखणे असलेल्यांनी किती प्यावे, हे मात्र डॉक्टरांनाच विचारावे. मळमळ थांबल्यानंतर सासूबाईंनी मंगळवेढ्याच्या ज्वारीची, ताक घातलेली पातळ आंबील सुरू केली. माझ्या मते बरे होण्याच्या काळातील ते सर्वांत शहाणपणाचे अन्न होते, कारण त्यात पाणी, मीठ आणि थोडे पिष्ट एकत्र मिळते. त्यांनी तळपायांना कांद्याचा रसही चोळला; त्याचा खोलीभर पसरलेल्या वासाखेरीज काही परिणाम जाणवला नाही.

दुसरी खरेदी टॉवेलची. सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि आंघोळीनंतर अंग पुसण्यासाठी तो उत्तमच आहे, हे सोलापूरकराला सांगावे लागत नाही. म्हणून मी अभिमानाने जाड, नवाकोरा टेरी टॉवेल आणला आणि त्याच्या शेजारी, केवळ राखीव म्हणून, साधा पातळ सुती पंचा. अंग गार करण्याच्या कामात पंच्याने टॉवेलला सपशेल हरवले. नव्या टॉवेलवर पाणी ओतले तर ते थेंबाथेंबाने वरूनच घरंगळत होते, कारण गिरणीतील खळ आणि मऊपणासाठी दिलेला थर दोन-तीन धुण्यांशिवाय निघत नाही. धुतल्यानंतर त्याने पाणी प्यायले, पण ते सोडीना. भाऊजींच्या पाठीवर टाकलेला टॉवेल थोड्याच वेळात अंगाइतका गरम होऊन ओल्या घोंगडीसारखा बसला. पंच्यातून मात्र पाणी झरझर उडत होते. अंग गार होते ते पाणी अंगावर असल्यामुळे नव्हे, तर ते उडून जाताना उष्णता घेऊन जाते म्हणून. आणि सोलापूरची उन्हाळी दुपार कोरडी असल्यामुळे हा उपाय येथे कोकणापेक्षा कितीतरी चांगला चालतो. पंचा भिजवावा, घट्ट पिळू नये, मान, छाती आणि मांड्यांवर सैल पसरावा, वर पंखा लावावा आणि सुकू लागताच पुन्हा भिजवावा. नुसता पंखा कोरड्या अंगावर लावला तर ४० अंशांच्या खोलीत तो गरम वाराच फेकतो.

याच ठिकाणी पाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नसल्याने सारा साठा गच्चीवरच्या काळ्या टाकीत असतो, आणि दुपारी त्या टाकीचे पाणी हाताला चटका देते. भाजलेल्या मानेवर ते ओतणे म्हणजे दुखण्यावर डागणी. अंगणातील हौदाचे किंवा माठाचे पाणी वापरावे. भाजलेल्या कातडीवर बर्फ थेट लावू नये.

गुलाबी कॅलामाइन लोशनला मी मध्यम गुण देईन. झिंक ऑक्साइडचा हा साका तळाशी बसतो, त्यामुळे बाटली खूप हलवावी लागते; न हलवता लावल्यास वरचे पाणीच अंगाला लागते. पहिले दोन दिवस त्याने चुणचुण आणि आग स्पष्टपणे कमी केली. पुढे कातडी कोरडी पडून ताणू लागली, तेव्हा ते थांबवून बिनवासाचे साधे मलम लावले. उशीच्या अभ्र्यावर गुलाबी भुकटी सांडते, ती धुतल्यावर निघते. फोड फुटून ओली जखम झाली असेल तेथे हे लावायचे नाही, आणि फोड हाताने फोडायचेही नाहीत.

हिरवे सुगंधी कोरफड जेल सर्वांत महाग होते आणि सर्वांत निराशाजनकही. लावताच भाऊजी कळवळले. घटकांत अल्कोहोल आणि अत्तर दोन्ही निघाले. गॅलरीतील कुंडीतल्या कोरफडीचे पान त्यापेक्षा सौम्य निघाले. ते कापल्यावर उभे करून त्यातील पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्यावा लागतो, कारण तो चीकच कातडीला झोंबतो. घामोळ्यांवरची थंड पावडर भाजलेल्या कातडीसाठी निरुपयोगी आहे. तिच्याबद्दल अधिक लिहीत नाही.

अंकी थर्मामीटर घेतला तो बरा निघाला, परंतु काखेतील आकडा शरीराच्या आतील तापमानापेक्षा कमी असतो, म्हणून त्याच्यापेक्षा माणूस नीट बोलतो आहे का याकडे अधिक लक्ष दिले. दुकानदाराने सोबत तापाच्या गोळ्या सुचवल्या होत्या, त्या मी परत केल्या. उन्हाने चढलेल्या तापमानावर पॅरासिटामॉल चालत नाही, आणि शरीरात पाणी कमी असताना आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामके मूत्रपिंडावर ताण आणतात.

यंदाच्या यादीत मी फक्त पुड्या, दोन पंचे आणि कॅलामाइनची लहान बाटली लिहिली आहे. टेरी टॉवेल न्हाणीघरात सुखाने नांदतो आहे. भाऊजी कामावर गेले ते डॉक्टरांच्या परवानगीने, काही दिवस केवळ सकाळच्या वेळात, कारण एकदा ऊन लागलेल्या शरीराला ते पुन्हा पूर्ववत सोसू लागायला वेळ लागतो. मानेची कातडी तेव्हा अजून सोलत होती, म्हणून अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा आणि गळ्याभोवती तोच पंचा.