प्रत्यारोपणानंतरची औषधं: वाशीतलं एक मेडिकल, ५ पैकी साडेतीन

सेक्टर १७ मधल्या या दुकानाचे गुण आधी. कोलेस्टेरॉलची गोळी (स्टॅटिन) मागितली की काउंटरवरच्या फार्मासिस्ट मॅडम पेशंटची सगळी औषधं विचारतात. किडनी किंवा हृदय बदललेल्यांसाठी हे फार महत्त्वाचं. सायक्लोस्पोरिन (शरीरानं नवा अवयव नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर रोसुवास्टॅटिन दिवसाला ५ मिलिग्रॅमच्या वर नको आणि सिमवास्टॅटिन मुळीच नको. सायक्लोस्पोरिनमुळे स्टॅटिनचा यकृतात जायचा रस्ता अडतो, गोळी रक्तात साचते. मग मांड्या, खांदे दुखतात, लघवी काळसर होते आणि तुटलेल्या स्नायूंतली प्रथिनं थेट नव्या किडनीवर येतात. अशा वेळी सीपीके (स्नायू तुटल्याचं दाखवणारी रक्ततपासणी) आणि क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी) त्याच दिवशी तपासायला हवं. टॅक्रोलिमसवर (त्याच कामाचं दुसरं औषध) असलेल्यांना ही अडचण बरीच कमी. पण घशासाठी कुणी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं, तर टॅक्रोलिमस आणि अ‍ॅटॉरव्हास्टॅटिन दोन्हींची पातळी चढते. अशी चिठ्ठी आली की मॅडम डॉक्टरांना फोन लावतात. गर्दीच्या वेळी रांग खोळंबते, खोळंबू दे.

आता उणं. काउंटरवर ठेवलेल्या पत्रकात ‘स्टॅटिनमुळे रिजेक्शन टळतं’ असं बिनधास्त छापलंय (रिजेक्शन म्हणजे शरीरानं नवा अवयव नाकारणं). स्टॅटिनचा प्रतिकारशक्तीवर परिणाम होतो, हे खरं. इंटरफेरॉन-गॅमा या प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनामुळे पेशींवर एमएचसी-२ रेणू (परकं काय ते टी-पेशींना दाखवणारे) वाढतात आणि टी-पेशी, म्हणजे हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी, चवताळतात. स्टॅटिन ती वाढ रोखतात, असं २००० मध्ये प्रयोगशाळेत दिसलं. त्याआधी १९९५ मधल्या हृदय प्रत्यारोपणाच्या चाचणीत प्रावास्टॅटिन घेणारे ९४ टक्के पेशंट वर्षभर जगले, न घेणारे ७८ टक्के. पण किडनीच्या २१०० पेशंटवरच्या फ्लुवास्टॅटिनच्या चाचणीत (२००३) एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ३२ टक्के उतरूनही किडनी जास्त टिकली नाही; हृदयविकाराचे झटके आणि त्याने होणारे मृत्यू तेवढे कमी झाले. पत्रक वाचून कुणी टॅक्रोलिमसचा डोस चुकवला तर भरपाई स्टॅटिन करणार नाही. ते काढून टाकावं.

दीड गुण कापला तो मुख्यतः घरपोच सेवेमुळे. नेरूळ-बेलापूरला पोचवतात वेळेवर, पण टॅक्रोलिमसची कंपनी न विचारता बदलतात. कंपनी बदलली तर डॉक्टरांना कळवून सकाळच्या गोळीआधी, म्हणजे आदल्या डोसनंतर १२ तासांनी, औषधाची रक्तातली लेव्हल पुन्हा करावी लागते. ऑर्डरवर ‘कंपनी बदलू नये’ लिहा, आणि पिशवी आली की दारातच स्ट्रिप जुन्या स्ट्रिपशी ताडून पाहा.