पॉइंट बत्तीस : रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, आणि ते कमरेला कसं बसवायचं

परदेशी व्हिडिओंमध्ये दिसणारं नऊ मिलिमीटरचं पिस्तूल डोळ्यांसमोरून आधी काढून टाका. भारतात ते प्रतिबंधित बोअरमध्ये (म्हणजे नळीच्या बंदी असलेल्या मापात) येतं आणि सामान्य परवानाधारकाला मिळत नाही. स्वसंरक्षणाच्या परवान्यावर छोटं शस्त्र घ्यायचं तर .३२ किंवा .२२ एवढेच खरे पर्याय. २०१९ च्या दुरुस्तीपासून एका परवानाधारकाला दोनच शस्त्रं ठेवता येतात, त्यामुळे चुकीची निवड त्यातली एक जागा अडवून बसते. बदलायचं म्हटलं की विक्रीची नोंद, नव्या शस्त्राची नोंद, कचेरीच्या फेऱ्या. मुंबई, पुणे, नागपुरात पोलीस आयुक्तालय, बाकी बहुतेक ठिकाणी जिल्हाधिकारी कार्यालय.

निवड शस्त्राच्या देखणेपणावर करू नका. सरावाला काडतुसं किती मिळणार, हे आधी बघा. होल्स्टर, म्हणजे शस्त्र अंगावर ठेवायचं आवरण, तुम्ही दिवसभर कुठे आणि कसे बसता यावर ठरतं. लोक नेमकं उलट करतात. दीड लाखाचं शस्त्र घेतात आणि त्याला तीनशे रुपयांची नायलॉनची पिशवी.

एकच आकडा, दोन काडतुसं

दुकानात ‘बत्तीस’ म्हटलं की दोन वेगळ्या गोष्टी समोर येतात. रिव्हॉल्व्हरचं काडतूस म्हणजे .३२ एस अँड डब्ल्यू लाँग. त्याची पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) सुमारे २३ मिलिमीटर लांब आणि बुडाला बाहेर आलेली कड असते. पिस्तुलाचं .३२ एसीपी, पुंगळी सुमारे १७ मिलिमीटर. दोन्हींना ७.६५ म्हणतात, म्हणून घोटाळा होतो. पिस्तुलाचं काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात, म्हणजे फिरत्या सिलिंडरमधल्या काडतुसाच्या जागेत, जातं, कधी कधी उडतंही. पण त्याचा दाब रिव्हॉल्व्हरच्या काडतुसापेक्षा जास्त असतो आणि मधून मोडणाऱ्या (बिजागरावर उघडणाऱ्या) जुन्या सांगाड्याला तो झेपेलच असं नाही. ‘चालतंय की’ म्हणणाऱ्या विक्रेत्याचं ऐकू नका.

मारक शक्तीत दोघांत फारसा फरक नाही. रिव्हॉल्व्हरची ९८ ग्रेनची शिशाची गोळी जड आणि सावकाश, पिस्तुलाची ७१ ग्रेनची हलकी आणि वेगवान. यावर तासन्‌तास वाद घालणाऱ्यांनी तो वेळ नेमबाजीला दिला तर जास्त उपयोग होईल.

फरक पडतो तो काडतूस न उडाल्यावर. आपल्याकडे काडतूस दुकानात किती दिवस पडून होतं, कुठल्या दमट कपाटात होतं, हे कळायला मार्ग नसतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एक फुसकं निघालं तर ट्रिगर पुन्हा ओढायचा, पुढचं घर समोर येतं. पिस्तुलात मॅगझिनच्या (मुठीतल्या काडतुसांच्या डबीच्या) बुडावर थाप मारायची, स्लाइड (वरचा सरकता भाग) पूर्ण मागे खेचून सोडायची आणि मग पुन्हा नेम. ही कृती घाबरलेल्या हातांनी आपोआप व्हावी यासाठी शेकडो वेळा घोटावी लागते.

शिवाय नवं पिस्तूल विश्वासाचं आहे की नाही हे त्यातून गोळ्या उडवल्याशिवाय कळत नाही. किमान शंभर गोळ्या, आणि त्यातल्या शेवटच्या पन्नास एकही अडथळा न येता. आता परवान्यावरचा आकडा बघा. एकावेळी २५ आणि वर्षाला ५० असं लिहिलं असेल, तर ही चाचणी पुरी व्हायलाच दोन वर्षं लागतील, सराव राहिला बाजूलाच. रिव्हॉल्व्हरची चाचणी दोन-तीन डझन गोळ्यांत होते, कारण त्यात काडतूस पुरवणारी स्प्रिंग नाही, स्लाइड नाही, मॅगझिनचे ओठ वाकण्याचा प्रश्न नाही. म्हणून ज्याला रायफल क्लबची नियमित सोय नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. सोय असेल आणि सरावाची शिस्त असेल, तर पिस्तुलाचा सडपातळपणा लपवायला खरोखर उपयोगी पडतो. त्याची जाडी इंचभर असते, सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरची सव्वा इंचाच्या वर जाते. शर्टाखालचा फुगवटा येतो तो या जाडीमुळे. लांबीने इतकं बिघडत नाही.

रिव्हॉल्व्हरमधली निवड

कानपूरच्या सरकारी कारखान्याचं जुनं .३२ मार्क थ्री सगळ्यांत जास्त दिसतं. वेब्ली या ब्रिटिश रिव्हॉल्व्हरच्या घाटाचं, मधून मोडणारं, तीन इंची नळी, वजन सातशे ग्रॅमच्या आसपास. वरची कडी अंगठ्याने दाबली की नळी खाली झुकते आणि मधली चांदणी सहाही पुंगळ्या एकदम वर उचलते. दोन गोळ्या उडवून चार भरलेल्या असल्या तरी त्या चारही बाहेर पडतात, हे लक्षात ठेवा. उघडताना नळी जमिनीकडे असेल आणि झटका अर्धवट असेल तर एखादी पुंगळी चांदणीखाली सरकते. मग ते धड उघडत नाही की मिटत नाही. उपाय सोपा आहे : मूठ खाली, नळी वर तिरकी, आणि एकाच दमात पूर्ण उघडायचं. जुनं घेताना कडी बंद करून नळी वरखाली हलवून बघा. बिजागरात खुळखुळ जाणवली तर ते शस्त्र तिथेच ठेवा.

निर्भीक २०१४ मध्ये आलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, वजन अर्ध्या किलोच्या आसपास, महिलांसाठी म्हणून जाहिरात झाली आणि किंमत त्या वेळी सव्वा लाखाच्या घरात होती. हलकं म्हणजे सोपं, असा समज तेव्हापासून पसरला आहे. .३२ चा धक्का सौम्यच असतो, तो त्रास देत नाही. त्रास होतो तो ट्रिगरचा. डबल ॲक्शनची (हॅमर आधी न ओढता थेट ट्रिगरने उडवण्याची) ओढ शस्त्राच्या वजनाच्या कितीतरी पट असते. शस्त्र जितकं हलकं, तितकी त्या ओढीने नळी जास्त हलते आणि सात मीटरवर गोळी हातभर बाजूला जाते. ज्यांची बोटं बारीक आहेत त्यांनी दुकानात रिकाम्या शस्त्रावर सलग दहा वेळा ट्रिगर ओढून बघावा. सातव्या-आठव्या वेळी दुसरं बोट मदतीला घ्यावंसं वाटलं, तर वजनाचा काटा कितीही खुणावत असला तरी ते शस्त्र तुमचं नाही.

प्रबल २०२३ मध्ये बाजारात आलं. ६७५ ग्रॅम, ७६ मिलिमीटरची नळी, एकूण लांबी १७७.६ मिलिमीटर. कानपूरच्या नागरी रिव्हॉल्व्हरमध्ये बाजूला उघडणारा सिलिंडर यात आला आणि खरी सुधारणा तीच. एक-दोन पुंगळ्या चिमटीत धरून काढता येतात, सांगाडा अखंड राहतो, बिजागर झिजण्याची भीती नाही. जाहिरातीतल्या पन्नास मीटरच्या पल्ल्याकडे लक्ष देऊ नका. स्वसंरक्षणाचं अंतर खोलीच्या लांबीएवढं असतं. आज नवीन घ्यायचं आणि बजेट बसत असेल तर आमची पसंती याला.

निडर हे .२२ चं, अडीचशे ग्रॅमचं. खिशात जातं, स्वस्तही आहे. पण .२२ चं काडतूस कडेवर ठोका बसून उडतं आणि या प्रकारात फुसक्या काडतुसांचं प्रमाण मुळातच जास्त. त्यातून रिकाम्या शस्त्रावर ट्रिगर ओढण्याचा सरावही करता येत नाही, कारण फायरिंग पिन थेट घराच्या काठावर आपटतो. ज्याला मनगटाच्या दुखण्यामुळे दुसरं काही पेलवतच नाही, त्यानेच याचा विचार करावा.

परदेशी बनावटीच्या .३२ ला अजून मागणी आहे. आयात १९८० च्या दशकातच बंद झाल्यामुळे जे आहे ते हातोहात फिरलेलं, आणि त्याची किंमत हौसेची. मॅगझिन किंवा स्प्रिंग बदलायची वेळ आली की मात्र सुटा भाग मिळत नाही. संग्रहासाठी ठीक, रोज कमरेला लावायला नको.

रिव्हॉल्व्हर जुन्या घाटाचं असेल आणि हॅमर (ठोका मारणारा घोडा) व काडतूस यांच्यामध्ये आड येणारी पट्टी नीट काम करते की नाही याची खात्री नसेल, तर हॅमरखालचं घर रिकामं ठेवून पाचच भरा. आणि .३२ एसीपीची मॅगझिन भरताना प्रत्येक काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे आहे ना ते बघा. मागे अडकली तर वरचं काडतूस पुढे सरकतच नाही आणि ती अडचण थाप मारून सुटत नाही.

होल्स्टर

२०१६ च्या शस्त्र नियमांनुसार सार्वजनिक ठिकाणी नेलेलं शस्त्र होल्स्टरमध्ये किंवा तशाच आवरणात, पूर्ण झाकलेलं आणि धारकाच्या ताब्यात हवं. म्हणजे शर्टावरून पट्टा लावून मिरवणं हे नुसतं वाईट दिसत नाही, ते नियमातही बसत नाही.

चांगल्या होल्स्टरच्या तीन कसोट्या. ट्रिगर पूर्ण झाकलेला हवा, कापडाने झाकला म्हणून भागत नाही, बाहेरून बोटाने दाबला तरी हलता कामा नये. शस्त्र काढल्यावर तोंड उघडं राहायला हवं, नाहीतर परत ठेवताना दुसऱ्या हाताने ते फाकवावं लागतं आणि नळी स्वतःच्याच तळव्यावर येते. तिसरी, शस्त्र रिकामं करून, गादीवर होल्स्टर उलटं धरून झटका द्या. पडलं तर नापास. बाजारातलं ‘सगळ्यांना बसतं’ असं मऊ नायलॉन या तिन्हींत नापास होतं.

उरतात चामडं आणि कायडेक्स, म्हणजे साच्यावर घडवलेलं कडक प्लॅस्टिक. कायडेक्स घामाने भिजत नाही, तोंड उघडं राहतं, बसताना टक्क आवाज येतो. पण ते एकाच मॉडेलवर घडवलेलं असतं. मार्क थ्रीसारख्या देशी रिव्हॉल्व्हरसाठी तयार मिळणं अवघड, बनवूनच घ्यावं लागतं. चामडं कुठलाही चांगला कारागीर करून देतो आणि अंगाला ते कमी टोचतं. मात्र वनस्पतीजन्य कमावणीचं मागा. क्रोम कमावणीच्या मऊ चामड्यातले क्षार आणि कोकणातला पावसाळा एकत्र आले की निळसर पॉलिशवर आठवड्यात तांबूस ठिपके दिसतात. कारागिराकडे शस्त्र ठेवून येऊ नका. त्याच्याकडे परवाना नसतो आणि ते त्याच्या ताब्यात सापडलं तर तुम्ही दोघेही अडकता. त्याच मापाचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा नमुना द्या.

जागा कुठली, याचं उत्तर तुमच्या दिवसात आहे. दिवसाचे सहा तास गाडी चालवणाऱ्याला उजव्या नितंबामागे लावलेलं होल्स्टर सीटबेल्टखाली दबतं आणि हात पोचत नाही. त्याला डाव्या कुशीपुढे, मूठ उजवीकडे अशी आडवी बैठक सोयीची. दुकानात गादीवर मांडी घालून बसणाऱ्याला, किंवा पंगतीला जमिनीवर बसावं लागणाऱ्याला, पोटावर पुढे लावणं जमत नाही. तीन इंची नळी जांघेत रुतते आणि ती दिशा मुळातच धोक्याची. त्याने पँटच्या आत, उजव्या कमरेच्या हाडाच्या जरा मागे लावावं आणि वर सैल, बाहेर सोडलेला शर्ट किंवा बंडी घालावी. शर्ट एका मापाने मोठा आणि चौकडीचा घ्या. एकरंगी पातळ कापडावर मुठीची कड लगेच उमटते. पाठीच्या मधोमध मात्र कधीही लावू नका. दुचाकीवरून पडलात तर लोखंडाचा गोळा थेट मणक्यावर.

सलवार-कमीजवर नाडी सातशे ग्रॅम पेलत नाही, शस्त्र खाली ओघळतं. तिथे पोटावरचा रुंद इलॅस्टिक पट्टा वापरावा, पण ट्रिगर झाकणारं कडक कवच त्यात शिवलेलं हवं. पर्स हा सगळ्यांत कच्चा पर्याय, कारण पर्स खेचली की शस्त्रही गेलं. पर्समध्येच ठेवायचं असेल तर वेगळा कप्पा, त्यात पक्कं बसवलेलं होल्स्टर, आणि त्या कप्प्यात किल्ल्या, पेन, लिपस्टिक काहीही नाही.

पट्ट्यावर पैसे वाचवू नका. ३८ मिलिमीटर रुंद, दुहेरी चामड्याचा. पातळ ऑफिसचा पट्टा पिळवटतो, मूठ बाहेर झुकते आणि लोक दर दहा मिनिटांनी शर्टावरून शस्त्र चाचपत राहतात. ते चाचपणंच सगळ्यांना सांगतं की कमरेला काय आहे.

घरी आल्यावर

रात्री शस्त्र होल्स्टरमध्ये ठेवू नका. कोरड्या कापडाने घाम पुसा, तेलाचा हात पुसटसा फिरवा, कुलूपबंद तिजोरीत सिलिका जेलच्या पुडीशेजारी ठेवा. काडतुसांना तेल लागू देऊ नका, ते पुंगळीच्या बुडातल्या, ठोक्याने पेटणाऱ्या टोपीत झिरपलं की काडतूस मरतं. चामड्याच्या पट्ट्यातल्या खाचांत काडतुसं महिनोन्‌महिने ठेवली तर पितळेवर हिरवट कळक चढतो आणि ती घरात अडकतात. रोज अंगावर बाळगलेली काडतुसं वर्षाने सरावात उडवा, नवीन भरा.

जत्रा, मिरवणूक, सभा आणि शाळा-कॉलेजच्या आवारात शस्त्र नेण्यास परवान्याच्या अटींतच मनाई असते, त्यामुळे त्या दिवशी ते घरीच. निवडणुकीच्या आचारसंहितेत ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली तर होल्स्टर सोबत देऊ नका. महिना-दीड महिना दमट चामड्यात राहिलेलं शस्त्र गंजून परत येतं. तेलाचा हात जरा जाड द्या, मेणकागदात गुंडाळा, आणि पावतीवर शस्त्राचा क्रमांक व जमा केलेल्या काडतुसांची संख्या लिहून घेतल्याशिवाय ठाण्यातून निघू नका.